४८४३ला भाग जातो

४८४३ ही मूळ संख्या आहे, असं मी एका बाईला छातीठोकपणे सांगितलं. ती मूळ संख्या नाही. तिला एकोणतीसनं भाग जातो, भागाकार एकशे सदुसष्ट, बाकी शून्य. सहावीतल्या कुठल्याही मुलीनं हे मला कागदावर करून दाखवलं असतं. मला जमलं नाही, कारण मध्ये जेवणाची सुट्टी झाली.

तुम्ही म्हणाल, नसेल मूळ संख्या, कुणाचं काय बिघडलं? बिघडलं. एका वाचनालयाचा चंद्र दोन दिवस मागे पडला आणि एका घड्याळवालीचं दुकान बंद व्हायची वेळ आली. पण ते समजायला आधी माझा धंदा समजायला हवा.

माझा धंदा दाते पाडण्याचा. दंतवैद्याचा नव्हे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सारं आयुष्य गिअर कापले. म्हणजे लोखंडाची किंवा पितळेची गोल चकती घ्यायची आणि तिच्या कडेवर सारख्या अंतरानं दाते पाडायचे. ऐकायला सोपं आहे. भाकरीचे चार सारखे तुकडे सगळ्यांना करता येतात. सात सारखे तुकडे करून बघा, म्हणजे माझा पगार कशाचा होता ते कळेल.

आमच्या जुन्या मिलिंग मशीनवर हे तुकडे पाडायला एक यंत्र असतं, डिव्हायडिंग हेड. त्याचा दांडा चाळीस वेळा फिरवला की चकती एकदा फिरते. दांड्यामागे एक भोकांची थाळी. कुठल्या वर्तुळात एकवीस भोकं, कुठल्यात सत्तावीस, कुठल्यात एकोणचाळीस. एकशे अडुसष्ट दाते हवेत? एकवीस भोकांच्या वर्तुळात दर वेळी पाच भोकं पुढे जा, एक दाता पाडा, पुन्हा पाच भोकं. डोळे मिटून होतं. कारण एकशे अडुसष्ट ही भली संख्या आहे. दोननं जाते, तीननं जाते, सातनं जाते, बारानं तर हसत हसत जाते. आमच्या धंद्यात अशा संख्यांना फार मान. मूळ संख्या म्हणजे याच्या उलट. एकशे सदुसष्ट घ्या. एकनं आणि स्वतःनं सोडून कुणाकडूनही भागून घेणार नाही. अशा संख्येचं वर्तुळ कुठल्याच थाळीवर नसतं. लग्नात जसा एखादा मामा असतो, सगळ्या पंगतींना नाही म्हणतो, आणि शेवटी त्याच्यासाठी वेगळं पान मांडावं लागतं, तशी ही संख्या.

आता गिऱ्हाइकं कशी येत? पूर्ण गिअर घेऊन कुणीच येत नसे. सुरगाण्याकडचा एक भातगिरणीवाला आठवतो. जीपच्या टपावरून आला होता, टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं. मला वाटलं नागलीचे पापड. उघडलं तर बिडाच्या गिअरचा पाव तुकडा.

"बाकीचा कुठंय?" मी विचारलं.

"यवढाच घावला. बाकीचा भुशात ग्येला. तुमी वळखा."

"असं कसं ओळखू?"

"मंग तुमचं नाव कशापायी सांगत्यात लोकं? भात खळ्यावर पडलाय, सायेब. लय खोटी करू नका."

मी त्या तुकड्यावर बारा दाते मोजले, साधारण पाव चाक आहे म्हणून चोकं अठ्ठेचाळीस धरले आणि पाडले. गिरणी चालली. पुढच्या हंगामात तो माणूस तांदूळ घेऊन आला. मी विचारलं, "गिअर कसा आहे?" तर म्हणाला, "तुमच्यापरीस बरा हाय, आवाज करत नाय."

इथेच माझं नुकसान झालं. असे शेकडो तुकडे मी ओळखले आणि शेकडो वेळा बरोबर निघालो, कारण यंत्र बनवणारी माणसं समजूतदार असतात. चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ असेच दाते ठेवतात. हळूहळू मला वाटायला लागलं की मला संख्या ओळखता येतात. प्रत्यक्षात मला फक्त सोप्या संख्या ओळखता येत होत्या. पोहता येतं असं समजणारे काही लोक असतात, त्यांचे पाय तळाला टेकलेले असतात. तसा मी.

निवृत्त झाल्यावरही वर्कशॉप मला सुटलं नाही. धाकट्या शेठनी सगळीकडे संगणकावरची मशीनं आणली. त्यांच्यावर एकशे सदुसष्ट काय आणि एकशे अडुसष्ट काय, आकडा टाका आणि चहा प्या. पण माझं जुनं मशीन त्यांनी कोपऱ्यात ठेवलं, आणि एखादं किरकोळ, एकुलतं एक काम आलं की मला फोन येई. अशाच एका कामाला दोन वर्षांमागच्या दिवाळीआधी रूपाली आली.

रूपालीचं रविवार कारंजाजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान. वडिलांचं होतं, ते गेल्यावर तिनं चालवायला घेतलं. मनगटी घड्याळांची दुरुस्ती आता कोण करतं? सेल बदलून देण्यावर दुकान चालत नाही. तिचा खरा आधार म्हणजे मोठी, जुनी, भिंतीवरची घड्याळं, आणि त्यातलं मुख्य काम जवळच्याच एका वाचनालयाचं. त्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूला चंद्राची तबकडी. तबकडीवर प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत तीस खुणा, त्यांवरून एक काटा फिरतो, आणि मधल्या खिडकीत चंद्र भरतो नि ओसरतो. ही चंद्राची जोडणी तिच्या वडिलांनी स्वतः बसवली होती. घड्याळ कुणी पाहायला आलं की लोक विचारत, सांभाळतं कोण? आणि तिला पुढचं काम मिळे. तेच तिचं दुकानाबाहेरचं दुकान.

त्या दालनाला रंग देताना रंगाऱ्याची शिडी घड्याळावर आली. चंद्राचं सर्वांत मोठं चाक, बशीएवढं, पितळी, मोडलं. जवळजवळ तिसरा हिस्सा तुटून राडारोड्यात गेला.

"काका, उरलेले दाते मोजले, तुटलेल्या जागेचा कोन मोजला," ती म्हणाली. "एकशे सदुसष्ट येतात. फार तर एकशे अडुसष्ट."

"एकशे सदुसष्ट कुणी ठेवत नाही," मी म्हणालो.

"का?"

"मूळ संख्या आहे ती. शहाणा माणूस असले दाते पाडत नाही."

"माझे बाबा शहाणे होते."

"म्हणूनच म्हणतो, अडुसष्ट असणार."

ती हलली नाही. म्हणाली, "ते मला लहानपणी एक घोकायला लावायचे. एकशे चौसष्ट चंद्र, चार हजार आठशे त्रेचाळीस दिवस. म्हणायचे, सगळं घड्याळ यात आहे. यावरून काही निघतं का बघा ना."

आता हे घोकणं म्हणजे काय ते सांगतो, कारण त्यात मौज आहे. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडंसं. हे थोडंसं फार खट्याळ. चाकांना अपूर्णांक कळत नाही. चाकाला दाते पूर्णच असतात, साडेतीन दाते म्हणजे म्हातारपण. म्हणून अशी जोडी शोधायची की इतक्या महिन्यांत बरोबर इतके पूर्ण दिवस. दोन महिन्यांचे एकोणसाठ धरले तर तीन वर्षांच्या आत चंद्र एक दिवस चुकतो. पंधरा महिन्यांचे चारशे त्रेचाळीस हे चांगलं जमतं, पण चारशे त्रेचाळीस मूळ संख्या. एकोणपन्नास महिन्यांचे एक हजार चारशे सत्तेचाळीस हे तर झकास जमतं, आणि तीही मूळ संख्या. चंद्राला आमच्या धंद्याशी काही वैर असावं. जिथे म्हणून तो नेमका सापडतो, तिथे त्याची संख्या फोडता येत नाही. आणि फोडता आली पाहिजे, कारण मोठी संख्या एका चाकावर मावत नाही. ती दोन-तीन लहान संख्यांचा गुणाकार असेल तर प्रत्येकीचं एकेक चाक करून ती चाकं एकमेकांत अडकवता येतात. नाहीतर चार हजार आठशे त्रेचाळीस दात्यांचं एकच चाक करा. ते वाचनालयाच्या दारातून आत जाणार नाही.

तर प्रश्न एवढाच: ४८४३ फुटते का?

मी तिच्यासमोर खडू घेतला आणि औजारांच्या कपाटाच्या दारावर सुरू केलं. सत्तर गुणिले सत्तर चार हजार नऊशे, म्हणजे सत्तरच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. तीननं नाही. सातनं नाही. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, नाही. तेवीसनं नाही. पुढे खडूनं २९ लिहिलं आणि भोंगा झाला. भोंगा झाल्यावर भागाकार करत बसण्याची आमच्यात पद्धत नाही. डबा उघडला. वांग्याचं भरीत होतं, बाजरीची भाकरी होती. रूपालीलाही बसवलं. हात धुऊन परत आलो, कपाटावर २९ लिहिलेलं दिसलं, मनात म्हणालो, हे झालं वाटतं. आणि एकतीसपासून पुढे गेलो.

एकतीस नाही. सदतीस नाही. असं करत सदुसष्टपर्यंत. काही नाही. मी खडू ठेवला, हात झटकले आणि एखाद्या डॉक्टरनं नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगावं तसं सांगितलं, "मूळ संख्या आहे. तुझ्या बाबांचा आकडा घोकायला चांगला, पण त्याची चाकं होत नाहीत. त्यांनी बसवताना अडुसष्टच घेतले असणार."

"नक्की?"

"पोरी, दाते पाडण्यात केस गेले माझे."

हे खरं होतं. केस गेलेच होते.

एकवीस भोकांचं वर्तुळ, पाच भोकं पुढे. दुपारी चाक तयार. दाते किंचित बारीक झाले, पण बसलं. दिवाळीच्या पाडव्याला तिनं काटा प्रतिपदेवर ठेवला, घड्याळ चालू झालं, वाचनालयानं पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

त्यानंतर दहा महिने माझी झोप उत्तम होती.

गणेश चतुर्थीला चंद्र पाहायचा नसतो, पाहिला तर खोटा आळ येतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वाचनालयात एक जुनी रीत आहे. चतुर्थीला सकाळी त्या चंद्राच्या तबकडीवरही रुमाल टाकतात. पितळेचा झाला तरी चंद्र तो चंद्र. वाचनालयाचे चिटणीस बोरस्ते सर, निवृत्त मुख्याध्यापक, ते स्टुलावर चढले, रुमाल टाकायला हात वर केला आणि थांबले. काटा द्वितीयेवर होता. चतुर्थीच्या दिवशी द्वितीया! खरा चंद्र सरासरीपेक्षा थोडा पुढेमागे करतो, अर्ध्या-पाऊण दिवसाचं कुणी मनावर घेत नाही. पण दोन दिवस? एक गृहस्थ खालून म्हणाले म्हणे, "सर, राहू द्या रुमाल, आपल्या चंद्राची चतुर्थी परवा आहे."

हसले सगळे. आणि सभेत ठराव झाला. हे चंद्राचं यंत्र कोजागिरीपर्यंत नीट झालं नाही तर सगळंच घड्याळ उतरवायचं आणि एक लाल आकड्यांचं विजेचं घड्याळ लावायचं. सांभाळायलाही मग कुणी नको. वर एक जण बोलून गेला, "वडिलांचा हात वेगळा होता. मुलीला कुठून यायचं?" चंद्र बघितला बोरस्ते सरांनी, चाक पाडलं मी, आणि आळ आला रूपालीवर.

ती वर्कशॉपवर आली तेव्हा मी आधी, पद्धतीप्रमाणे, तिलाच दोष दिला.

"तेल कुठलं घातलंस?"

"नेहमीचंच."

"चाक तिरकं बसलं असेल."

"तिरकं बसलं तर अडकेल, काका. मागे कसं पडेल? आणि दर महिन्याला सारखंच मागे कसं पडेल?"

सारखी चूक म्हणजे दात्यांची चूक, हे तर मीच लोकांना सांगत आलो होतो. ती दोन्ही हात मशीनवर टेकवून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, पाणी आणायला तरी गेलो असतो. म्हणाली, "हे काम गेलं तर बाकीची चार घड्याळंही जातील. कोण देईल? मग शटर खाली ओढते आणि भावाच्या मोबाइलच्या दुकानात काचा चिकटवते."

मी काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून खडू उचलला. कपाटाचं दार केव्हाच पुसलं गेलं होतं. पुन्हा ४८४३ लिहिलं आणि पुन्हा तीनपासून सुरुवात केली. मनातून वाटत होतं, आपण वेळ काढतोय. तेवीस झालं. २९ लिहिलं. या वेळी भोंगा झाला नाही. एकोणतीस एके एकोणतीस, अठ्ठेचाळीसातून गेले एकोणीस. खाली चार, एकशे चौऱ्याण्णव. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. उरले वीस. खाली तीन, दोनशे तीन. एकोणतीस सत्ते...

दोनशे तीन.

बाकी शून्य. वर लिहिलेलं होतं १६७.

मला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. फुटली! चंद्राची एक तरी संख्या फुटली! मागे रूपाली आली. तिनं दारावरचा भागाकार वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, चंद्राचा हिशेब करायला बसलात आणि एकोणतीसनं भागायचं राहिलं?"

"भरीत फार चांगलं झालं होतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि ती भराभर बोलायला लागली. "थांबा. दुसऱ्या चाकाला सत्त्याऐंशी दाते आहेत. मी मागच्या महिन्यात पुसताना मोजलेत. सत्त्याऐंशी म्हणजे तीन एकोणतीस! त्याला फिरवणारं छोटं चाक बारांचं. बारा म्हणजे तीन चोक. आणि मोठ्या चाकाला फिरवणारं एक्केचाळिसाचं. चार गुणिले एक्केचाळीस..."

"एकशे चौसष्ट," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

एकशे चौसष्ट चंद्र, चार हजार आठशे त्रेचाळीस दिवस. सगळं घड्याळ त्यात होतंच. ही चाकं मी आदल्या वर्षी एकदा जाऊन मोजली असती, तरी मोडलेल्या चाकाचे दाते उलट्या हिशेबानं मिळाले असते. पण अंबडहून रविवार कारंजापर्यंत जायचं म्हणजे वाहतूक फार.

आता एकशे सदुसष्ट पाडायचे कसे? धाकट्या शेठना विचारलं, संगणकी मशीन तासभर मिळेल का. ते म्हणाले, "काका, दिवाळीआधीच्या ऑर्डरी आहेत, मिनिटभरही नाही. तुमचं जुनं मशीन आहे की. सुट्टीच्या दिवशी या, मी किल्ली ठेवतो."

जुन्या मशीनवर मूळ संख्या पाडायची एक युक्ती आहे, आणि ती मला धंद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एकशे सदुसष्टाची भोकं थाळीवर नाहीत ना? मग मशीनला खोटं सांगायचं: बाबा रे, एकशे अडुसष्टच पाडायचेत. तेच एकवीस भोकांचं वर्तुळ, तीच पाच भोकं. मात्र मागच्या बाजूला चार गिअर असे जोडायचे की आपण दांडा फिरवतो तेव्हा थाळी स्वतःही कणभर सरकते. दर दात्याला कणभर. सगळी फेरी पुरी होईपर्यंत त्या कणांचा मिळून बरोबर एक दाता होतो आणि तो गळून पडतो. खोट्यापासून सुरुवात करून, सावकाश दुरुस्त करत, खऱ्यावर पोचायचं. म्हणजे बघा, आदल्या दिवाळीत मी अर्धं काम अगदी बरोबर केलं होतं.

सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच. ही जोडणी मी कितीतरी वर्षांत केली नव्हती. पितळ महाग, म्हणून आधी अॅल्युमिनियमच्या भंगार चकतीवर नुसते ओरखडे काढून बघायचं ठरलं. फेरी पुरी झाली. शेवटचा ओरखडा पहिल्याशी नेमका जुळला. मी मिशीवर हात फिरवला.

"झाले एकशे सदुसष्ट."

रूपालीनं चकती खिडकीशी नेली, सुईनं एकेक ओरखडा मोजला आणि परत आणली. "एकशे एकोणसत्तर."

"शक्यच नाही!"

"मोजा."

मोजले. एकशे एकोणसत्तर. थाळी उलट्या दिशेनं सरकत होती. एक दाता गळण्याऐवजी एक वाढला होता. आधी अडुसष्ट, आता एकोणसत्तर. प्रगती होती, पण सत्तरीकडे. मी म्हणालो, "ही तेरा तेरे आहे, पूर्ण वर्ग. वाईट नाही." तिनं ज्या नजरेनं पाहिलं तिला आकड्यांत उत्तर नाही. मधे एक गिअर आणखी घालून थाळीची दिशा फिरवली, नवीन चकती लावली, पुन्हा ओरखडे. या वेळी तिनं मोजेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. "सदुसष्ट," ती म्हणाली, आणि मग आम्ही पितळ लावलं.

कोजागिरीच्या संध्याकाळी वाचनालयात सगळी समिती जमली होती. आटीव दूध बाहेरच्या अंगणात उकळत होतं. बोरस्ते सर शिस्तीचे. म्हणाले, "आज काटा पौर्णिमेवर ठेवून पौर्णिमा दाखवाल, त्याला अर्थ नाही. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं. चाक खरं आहे हे सिद्ध करा."

"करते सर," रूपाली म्हणाली. तिनं चंद्राची जोडणी मूळ घड्याळापासून सोडवली, दिवसाच्या दांड्याला एक मूठ लावली आणि काटा मागच्या दिवाळीच्या पाडव्यावर, प्रतिपदेवर आणला. "हा दांडा एकदा फिरला की एक दिवस. मागच्या पाडव्यापासून आजपर्यंतचे सगळे दिवस फिरवते. कॅलेंडर तुम्ही धरा."

मीही त्याच वेळी सरांना सांगून टाकलं की मागचं चाक माझं होतं, आणि चूकही माझीच.

"तुम्ही कोण?"

"दाते पाडतो."

"मग आता जरा मागे उभे राहा," ते म्हणाले.

रूपाली मूठ फिरवू लागली. सर कॅलेंडरची पानं उलटत एकेक दिवस मोठ्यानं वाचत होते. त्रिपुरी पौर्णिमा आली, काटा पौर्णिमेवर. पौषी, माघी. होळीला काटा होळीवर. लोक खुर्च्या सोडून घड्याळाभोवती आले. अक्षय्य तृतीया, बरोबर. राखी, बरोबर. सभेत ज्यानं वडिलांच्या हाताचा विषय काढला होता तोसुद्धा आता चवड्यांवर उभा होता. भाद्रपद लागला. प्रतिपदा. द्वितीया. तृतीया. सरांचा आवाज थोडा बारीक झाला. "गणेश चतुर्थी," ते म्हणाले, काटा चतुर्थीच्या खुणेवर आला, आणि सरांचा हात सवयीनं स्वतःच्या डोळ्यांवर गेला.

एवढ्या जोरात हसायला वाचनालयात कधी परवानगी मिळाली नसेल. पुढचे दिवस सगळ्यांनी मिळून म्हटले. शेवटचा वळसा झाला तेव्हा काटा पौर्णिमेच्या रेघेवर होता आणि खिडकीतला चंद्र पूर्ण भरला होता. बाहेर अंगणात कुणीतरी ओरडलं, "आला, आला!" समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून खरा चंद्र वर येत होता. त्यानंही त्या दिवशी आमच्याशी वैर धरलं नाही.

घड्याळ उतरवायचा ठराव तिथेच रद्द झाला. बोरस्ते सरांनी तिला दुधाचा पेला स्वतः आणून दिला. मी संधी साधून म्हणालो, "सर, हे चाक आता सुमारे आठशे वर्षांनी एक दिवस चुकेल."

"असू द्या," सर म्हणाले, "ती चूक तरी तुमची नसेल."

त्यानंतर रूपालीकडे कामं येऊ लागली. कुणाच्या आजोबांचं भिंतीवरचं, कुठल्या शाळेचं, एका पेढीचं. तिनं पाटी नव्यानं रंगवून घेतली. धाकट्या शेठनी ते जुनं मशीन विकायचा विचार सोडला. महिन्यातून दोन-तीनदा मी तिच्यासाठी चाकं पाडतो आणि चहाच्या निमित्तानं दुकानात जाऊन बसतो. धंदा मेला, धंदा मेला म्हणत मी निवृत्त झालो होतो. निरोपसमारंभात तसं भाषणही ठोकलं होतं. तेही चुकलंच म्हणायचं, पण या चुकीचं दुःख नाही.

परवा असाच बसलो होतो तर सटाण्याकडचे एक गृहस्थ आले. पिशवीतून एक पितळी चाक काढून काउंटरवर ठेवलं. काही दाते झिजून सपाट झालेले.

"घड्याळ बंद पडेल शे," ते अहिराणीत म्हणाले. "याना दात किती, ते बी ठाऊक नही."

मी चाक उचललं, उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला. "शहाण्णव असतील," म्हणालो. "सरळ आहे. बघताक्षणी कळतं."

रूपालीनं डोळ्यावरचं भिंग काढलं, काउंटरवरून हात पुढे केला आणि चाक माझ्या बोटांतून काढून घेतलं.

"इकडे द्या, काका. तुम्हाला दाते पाडता येतात, मोजता येत नाहीत."